इतलासा डबा

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जळगावात लोक सोनं घेतात. २०१२ सालच्या आखाजीला मी जळगावला गेलो तो कॅमेरा घ्यायला. बायको म्हणाली, "मुहूर्ताचं ग्रॅमभर तरी आणा. कॅमेरा काय वाढणार आहे का?" तिचं म्हणणं खरं निघालं. त्या दिवशी घेतलेल्या वस्तूला आज भंगारवालाही हात लावणार नाही, आणि सोन्याचं पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

मी अमळनेर तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, हिशेब लिहितो. आमचं वर्ष कापसाबरोबर फिरतं. दिवाळीच्या आगेमागे गाड्या लागायला लागतात, मार्च-एप्रिलपर्यंत सरकी काढणारे रेचे धडधडत राहतात, मग एकदम सगळं गप्प होतं. सीझन संपला की हातात चार पैसे जास्तीचे येतात. त्या वर्षी ते यायच्या आधीच मी त्यांची वाट लावून ठेवली होती. फक्त एक गोष्ट ठरत नव्हती. खिशात मावणारा कॉम्पॅक्ट घ्यायचा, की गळ्यात अडकवायचा डीएसएलआर? डीएसएलआर म्हणजे तोही पहिल्या पायरीवरचा, कॅननचा ११००डी किंवा निकॉनचा डी३१००. त्याच्या वरच्या पायऱ्यांकडे बघायची माझी ऐपत नव्हती. सहा महिने रोज रात्री जेवणं झाली की मी याच विषयावर वाचत बसायचो. एवढा अभ्यास कापसाच्या भावाचा केला असता तर मालकानं पगार वाढवला असता.

कॅमेरा हवा होता तो मोठ्या मायसाठी. मोठी माय म्हणजे माझी आजी, वडिलांची आई. तेव्हा ती ऐंशीच्या पुढे होती आणि तिचे सगळ्या जगात मिळून दोन फोटो होते. एक मतदार ओळखपत्रावरचा. त्यात ती कुणावर तरी भयंकर रागावलेली दिसते. दुसरा आत्याच्या लग्नातला, त्यात मांडवाच्या खांबानं तिचा अर्धा चेहरा खाल्लाय. एवढी ऐंशी वर्षं जगलेली बाई, नातवंडं-पणतवंडं पन्नासाच्या घरात, आणि पुरावा काय तर अर्धा चेहरा. ते मला सलायचं. तिला सलत होतं की नाही, ते मी विचारलं नव्हतं.

गोलाणी मार्केटमध्ये पोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. आखाजीच्या दिवसांत जळगावच्या दुपारी रस्त्यावर फक्त दोन जातीची माणसं असतात, अडलेली आणि लग्नाला निघालेली. दुकानातल्या पोरानं काचेवर दोन्ही कॅमेरे शेजारी शेजारी ठेवले. एक सुपारीच्या डबीएवढा, दीडशे ग्रॅमच्या आत-बाहेर. दुसरा लेन्ससकट पाऊण किलोच्या जवळ जाणारा, हातात घेतला की पकड लगेच बसणारा. मला तिथेच कळलं की माझा जीव मोठ्यावर आहे. माझ्याबरोबर माझा मेहुणा होता. त्याचा जीव कशावरच नव्हता, त्याला फक्त भाव करायचा होता.

"ह्याला सोळा मेगापिक्सल आहेत, ह्याला बारा," पोरगा म्हणाला.

"म्हणजे मोठ्याला कमी?" मेहुणा.

"हो. आणि झूम ह्याला पाच पट, त्याला तीन."

मेहुण्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी शहाण्या बैलाला सोडून लंगड्याला दुप्पट पैसे देतोय. आणि आकड्यांवर जायचं तर तो बरोबरच होता. मोठ्याबरोबर येणारी लेन्स १८ ते ५५ मिलिमीटरची. ५५ भागिले १८ म्हणजे तीन. एका बाजूला सात-आठ हजार, दुसऱ्या बाजूला त्याच्या तिपटी-चौपटीनं पैसे, आणि मिळतंय काय तर कमी मेगापिक्सल, कमी झूम, जास्त वजन.

मग मी त्याला धाब्याचं, म्हणजे घराच्या सपाट छताचं, उदाहरण दिलं. आमच्याकडे उन्हाळ्यात बाया धाब्यावर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालतात. कॅमेऱ्याच्या आत उजेड झेलणारा जो तुकडा असतो तो आपलं धाबं समज. छोट्या कॅमेऱ्यातलं धाबं सहा मिलिमीटर लांब आणि साडेचार रुंद, हाताच्या करंगळीच्या नखापेक्षाही लहान. मोठ्यातलं बावीस बाय पंधराच्या आसपास. क्षेत्रफळ काढलं तर एक अठ्ठावीस चौरस मिलिमीटर आणि दुसरं सव्वातीनशे. जवळजवळ बारा पट. आता लहान धाब्यावर तू हट्टानं सोळा बिबडे बसवलेस आणि मोठ्यावर बारा, तर लहानावरचे बिबडे केवढेसे होणार? ऊन कडक असलं तर दोन्हीकडचे वाळतील, फरक कळणार नाही. पण आभाळ भरून आलं, की इवल्याशा बिबड्याला वाट्याला येणारं ऊन पुरत नाही. तो ओला राहतो, चिकटतो. फोटोत तेच होतं. अंधार पडला की छोट्याचा फोटो रवाळ येतो, जणू वरून कुणी रवा भुरभुरला.

मेहुणा म्हणाला, "मग तुमचे फोटो उन्हातच काढा ना, आपल्याकडे काय उन्हाला तोटा आहे?"

याला उत्तर नव्हतं. मी दोन्ही कॅमेरे घेऊन दुकानाच्या दाराशी गेलो. बाहेर पांढरं ऊन. छोट्याला डोळा लावायचं भोक नव्हतं, फक्त मागचा पडदा. त्या उन्हात पडदा काळाठिक्कर पडला. त्यात मला रस्ता दिसेना, माझंच घामट तोंड दिसलं. मोठ्याच्या भोकाला डोळा लावला तर समोरचा रसवंतीवाला, त्याच्या गाड्याची घुंगरं, उसाच्या चोथ्यावरच्या गांधीलमाश्या, सगळं लख्ख. मेहुण्याचा मुद्दा तिथेच खलास झाला. ऊन असूनही आमच्या भागात छोट्या कॅमेऱ्यानं फोटो म्हणजे अंदाजपंचे गोळीबार.

आणि तरीही मी छोटा घेतला.

घरी मी कारणं सांगितली ती अशी: डीएसएलआर घेणं म्हणजे म्हैस घेणं. म्हैस घेतली की गोठा आला, पेंड आली, दावं आलं, डॉक्टर आला. कॅमेरा घेतला की बॅग, मग फिल्टर, मग ही लेन्स अपुरी म्हणून दुसरी लेन्स. हे खोटं नव्हतं. पण खरं कारण लाज हे होतं. जिनिंगमध्ये हिशेब लिहिणाऱ्या माणसानं ते धूड गळ्यात घालून गावातून कसं चालायचं? लोकांनी विचारलं असतं, कुठल्या पेपरात लागला? छोट्याला ही भानगड नव्हती. तो शर्टाच्या खिशात चष्म्याच्या घरासारखा बसायचा.

मोठ्या मायनं तो हातात घेतला, उलटसुलट केला, आणि म्हणाली, "इतलासा डबामा आपली भाऊबंदकी कशी माई रे?" म्हणजे, एवढ्याशा डब्यात सगळे मावणार कसे?

पुढची पावणेदोन वर्षं त्या डब्यानं मला खूप दिलं, हे कबूल केलं पाहिजे. तो खिशात असल्यामुळे मी काढायचो, आणि तो डबा असल्यामुळे कुणी दखल घ्यायचं नाही. जिनिंगच्या ओट्यावर कापसाच्या ढिगात पाठ टेकून झोपलेला हमाल. पोळ्याला बैलाच्या शिंगाला रंग लावताना स्वतःचं नाक रंगवून घेतलेला चुलतभाऊ. अमळनेर स्टेशनवर सुरतेच्या गाडीची वाट बघत गाठोड्यांवर बसलेली कुटुंबं. आणि आईचा एक फोटो, जो मला अजून माझा सगळ्यात चांगला फोटो वाटतो. ती कळण्याची भाकरी थापतेय. भाकरी परातीतून उचलून तव्यावर टाकण्याच्या मधला क्षण आहे, भाकरी दोन्ही पंजांवर आडवी तोललेली, कडेला एक चीर पडू लागलेली, आणि ती चीर सांभाळायला डाव्या हाताची करंगळी वर वाकलेली. चेहरा नाहीच. कोपरापासून पुढचे हात, चुलीचा लाल उजेड.

आईला तो दाखवला. तिनं बराच वेळ बघितला. मग म्हणाली, "मना तोंड कोठे शे?"

मी तिला समजावायला गेलो की फोटोत जिवंतपणा कसा आहे, हात कसे बोलतात वगैरे. रात्री वाचलेलं सगळं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, भाकरी तर रोजच करते, त्याचा काय फोटो. चांगलं लुगडं नेसलेली असताना काढ. तेव्हा मी मनात म्हटलं, हिला कळत नाही. आज मी तसं म्हणणार नाही. ज्याचे आयुष्यात दोनशे चांगले फोटो निघालेत त्याला कामाच्या हातांचा फोटो आवडतो. जिचे निघालेच नाहीत तिला आधी चेहरा हवा असतो, सरळ, समोरून, पूर्ण.

डब्यानं दगा दिला तेही सांगतो. त्या वर्षी दत्तजयंतीला सारंगखेड्याला गेलो. तापीकाठची ती घोड्यांची यात्रा ज्यानं पाहिलीय त्याला सांगायला नको, ज्यानं पाहिली नाही त्याला सांगून उपयोग नाही. ढोलकीवर घोडा दोन पायांवर उभा राहतो, आयाळ उडते, धुळीत ऊन तिरपं येतं. मी बटण दाबायचो. कॅमेरा आधी पुढे-मागे करून फोकस शोधायचा, मग विचार करायचा, मग फोटो काढायचा. तोवर घोडा चारी पाय टेकून चाललेला असायचा. घरी आल्यावर मोजले तर शेपट्यांचे एकोणीस फोटो. माझ्या शेजारी धुळ्याचा एक कॉलेजचा पोरगा मोठा कॅमेरा घेऊन उभा होता, हिरव्या चौकटीच्या ऑटोवर लावलेला, बाकी त्याला काही येत नव्हतं. त्याचा प्रत्येक घोडा हवेत होता.

दुसरा दगा अजिंठ्याला. हद्दीनं अजिंठा आमचं नाही, पण जळगावहून साठेक किलोमीटरवर असल्यानं आम्ही ते आमचंच मानतो. पाहुणे आले की न्यायचं ठिकाण ठरलेलं. फर्दापूरला गाडी ठेवायची, तिथल्या बसनं वर जायचं, चपला बाहेर काढून आत शिरायचं. लेण्यांत फ्लॅश चालत नाही, रंग जपायचे असतात. पहिल्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रापुढे मी श्वास रोखून उभा राहिलो, कोपरं बरगड्यांना टेकवली, तीनदा काढला. तिन्ही फोटोंत पद्मपाणीच्या हातातलं कमळ कोबीच्या गड्ड्यासारखं आलं. त्याच्या त्या अर्धवट मिटलेल्या पापण्या, ज्यांच्यासाठी लोक सातासमुद्रापलीकडून येतात, त्यांचा रवा झाला होता.

याच लेण्यांमध्ये रॉबर्ट गिल नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी १८४४ पासून वर्षानुवर्षं चित्रांच्या नकला रंगवत बसला होता. पुढे त्यानं कॅमेराही हाती घेतला. १८६४ मध्ये त्याच्या छायाचित्रांचं पुस्तक निघालं, आणि दोनच वर्षांनी त्यानं रंगवलेली बहुतेक चित्रं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळून गेली. त्या काळचा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, तिवई, काचा, रसायनांच्या बाटल्या. तो सगळा संसार त्या डोंगरात वर चढवायचा. माझा दीडशे ग्रॅमचा डबा खिशात असताना मी मात्र पाय दुखतात म्हणून शेवटची लेणी टाळून खाली आलो होतो. गिल १८७९ साली गेला, त्याची कबर भुसावळला आहे. भुसावळला मी शंभर वेळा गाडी बदलली असेल, कबरीवर एकदाही गेलेलो नाही.

आता कानबाईचं सांगतो. हे सगळं लिहायला घेतलं ते तिच्यासाठीच.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते. पुण्या-मुंबईला, सुरतेला गेलेली भाऊबंदकी त्या दिवशी गावी येते, न येऊन चालत नाही. नारळाची कानबाई, तिला नथ, डोरलं, हिरवा साज, चौरंगाला केळीचे खांब. रात्रभर जागरण, गाणी. सोमवारी सकाळी डोक्यावर घेऊन नाचत नदीवर. आणि रोट, म्हणजे तिचा नैवेद्य. रोटाचा गहू मोजून घ्यायचा, सव्वाच्या मापानं, आणि आमच्या घरी तो अजून घरच्या जात्यावर दळतात, निदान सुरुवातीचा तरी. बाकीचा गिरणीत जातो, पण हे मोठ्या मायसमोर बोलायचं नाही.

त्या पहिल्या वर्षी मी डबा घेऊन मधल्या खोलीत शिरलो. खोली अंधारी, भिंती शेणामातीनं सारवलेल्या, एकच खिडकी आणि तीही पावसामुळे लोटलेली. जात्याच्या एका बाजूला मोठी काकू, दुसऱ्या बाजूला चुलतबहीण. मोठी माय शेजारी बसून मुठीनं गहू टाकतेय आणि गाणं सांगतेय. मागे चौरंगावर कानबाई अर्धी सजलेली. फ्लॅशशिवाय काही निघणं शक्यच नव्हतं. फ्लॅश मारला, तीन-चार फोटो काढले, आणि पडद्यावर बघितलं तर फोटोभर पांढरे गोल. लहान, मोठे, अर्धपारदर्शक, चंद्रासारखे. काही कानबाईच्या डोक्यावर, काही मोठ्या मायच्या खांद्याशी. एक मोठा थेट जात्यावर.

मी चरफडलो. पुसून टाकणार एवढ्यात मागून चुलतबहिणीनं बघितलं आणि किंचाळली. मग काकूनं बघितलं. जातं थांबलं. कॅमेरा हातोहात खोलीभर फिरला. मोठ्या मायनं तो डोळ्यांपासून हातभर लांब धरला, मान मागे घेतली, आणि हलक्या आवाजात म्हणाली, "देख व माय. कानबाई उनी." कानबाई आली.

मला गोल कशाचे ते पक्कं ठाऊक होतं. छोट्या कॅमेऱ्यात फ्लॅश लेन्सला अगदी खेटून असतो, दोन बोटांवर. त्यामुळे लेन्सच्या तोंडाशी तरंगणारा कण न् कण उजळून निघतो, आणि इतक्या जवळचं फोकसमध्ये मावत नसल्यामुळे त्या कणाचा गोल होतो. तासभर दळण चाललं होतं. खोली पिठानं भरलेली होती. ते आमच्या गव्हाचं पीठ होतं, दुसरं काही नाही. हे सांगायला मी तोंड उघडलं. दारात आबा उभे होते. त्यांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. मी तोंड मिटलं.

त्या फोटोच्या अमळनेरच्या लॅबमधून चौदा प्रती काढाव्या लागल्या. सुरतेचे काका फ्रेम करून घेऊन गेले. कोबीचं कमळ आणि घोड्यांच्या शेपट्या काढणारा तो कॅमेरा त्या दिवसापासून भाऊबंदकीत मानाचा झाला. पुढच्या वर्षी मी गावी पोचायच्या आधी फोन आला, "कॅमेरा लयना ना?" त्याही वर्षी गोल आले. थोडे कमी, पण आले.

डबा गेला तो कापसानं गेला. २०१३-१४ च्या सीझनमध्ये मी तो रोज खिशात घेऊन जिनिंगमध्ये फिरत होतो. तिथल्या हवेत रुईचे तंतू सतत उडत असतात, भुवयांवर बसतात, चहात पडतात. छोट्या कॅमेऱ्याची लेन्स चालू करताना नळीतून नळी निघाल्यासारखी बाहेर येते आणि बंद करताना आत जाते. आत जाताना ती रोज थोडी रुई बरोबर घेऊन गेली असणार. फेब्रुवारीत एका सकाळी लेन्स अर्धी बाहेर आली, कुरकुरली, तीनदा बीप झालं आणि पडद्यावर लेन्स एररची पाटी आली. पुढे मागे काही हलेना. दुरुस्तीवाल्यानं जो आकडा सांगितला त्यात थोडे घालून नवा आला असता. यात कॅमेऱ्याचा दोष आहे असं मी म्हणणार नाही. जिनिंगमध्ये माणसांची फुप्फुसं टिकत नाहीत, नळी काय टिकणार?

मग तोवर शिरजोर झालेल्या हौसेनं लाजेवर मात केली. एक लग्नाचे फोटो काढणारा वरचं मॉडेल घेत होता, त्याच्याकडून जुना ११००डी घेतला. रबरी पकड चिकट झालेली, पट्ट्यावर हळदीचे डाग. बरोबर ५० मिलिमीटरची बारीक लेन्स, जिला झूम नाही, पण उजेड आत घ्यायचं भोक केवढं! १.८. हा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं. नेहमीची लेन्स ५५ वर नेली की तिचं भोक ५.६ असतं, त्याच्या मानानं ही जवळपास दहापट उजेड आत घेते. ती घेऊन परत अजिंठ्याला गेलो. पद्मपाणीच्या पापण्या आल्या. खालच्या ओठाची सावलीही आली. तिथल्या बाकावर बसून मी तो फोटो इतका वेळ बघत होतो की बायको म्हणाली, खरा आत आहे, तो बघा.

मोठ्या कॅमेऱ्याबरोबर माझी किंमत वाढली आणि जेवण बंद झालं. भाऊबंदकीतल्या प्रत्येक लग्नात, साखरपुड्यात, जावळात मी बिनपगारी फोटोग्राफर झालो. पंगतीत मी उभा, बाकी सगळे बसलेले; शेवटच्या पंगतीत भात आणि वरणाचा तळ. छोटा डबा असताना जे मला दिसायचं ते आता दिसेना, कारण मी कॅमेरा वर उचलला की समोरचं माणूस काम सोडून सरळ उभं राहायचं. हमाल झोपेतून उठून केस नीट करायचा. आई म्हणायची, "थांब, लुगडं बदली येस."

अशा वेळी मला चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस आठवायचे. १९८९ साली ते गेले. त्यांचं घर चाळीसगाव स्टेशनजवळच आहे. आयुष्यातला बराच मोठा काळ ते घराबाहेर फारसे पडलेच नाहीत. टेबलावर वस्तू मांडायच्या, उजेड हवा तसा वळवायचा, आणि त्या टेबलाएवढ्या जागेत अख्खं दृश्य उभं करायचं, अशा छायाचित्रांसाठी त्यांना भरपूर पारितोषिकं मिळाली. घोड्यामागे धावणं नाही, खिशातून झटकन काढणं नाही. मी सहा महिने ज्या तक्त्यांची तुलना करत बसलो होतो त्यातला एकही रकाना या माणसाच्या कामाचा नव्हता. त्यांच्या घरी गेलो होतो तेव्हा भिंतीवरचे फोटो बघताना बरोबरच्या माणसाला मी विचारलं, कॅमेरा कोणता वापरायचे हो? विचारल्या विचारल्या माझी मला लाज वाटली.

एका रविवारी मोठी मायच म्हणाली, माझा काढ. नऊवारी नेसली, नथ घातली, चष्मा काढून ठेवला. अंगणात खुर्ची मांडायला लावली, कडुनिंबाच्या सावलीत. गुडघ्यांवर हात ठेवून ती अशी बसली की जणू फोटो नाही, गावाचा निवाडा आहे. मागची भिंत ५० च्या लेन्सनं विरघळून गेली. सुरकुती न् सुरकुती आली, हनुवटीवरचं गोंदण आलं. तो फोटो मी मोठा करून आणला तर तिनं खिळा ठोकायला लावला. काकू म्हणाली, जिवंत माणसाचा फोटो भिंतीवर लावू नये. मोठी माय म्हणाली, "मंग मरानंतर माले कसा दखाई तो?"

आज हा सगळा वादच जुना झाला. छोटे कॅमेरे मोबाइलनं खाल्ले, आणि कॅनन-निकॉननं २०१८ नंतर आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे मोर्चा वळवला. मागच्या दिवाळीत पुण्याची पुतणी आली तेव्हा म्हणाली, काका, तुमच्याकडे जुना डिजिकॅम होता ना? तिच्या मैत्रिणींना म्हणे तसलेच फोटो आवडतात, फ्लॅशनं चेहरा पांढरा पडलेले. मी तिला लेन्स एररवाला दाखवला. तिनं तो हातात घेऊन "किती क्यूट" म्हटलं.

तर २०१४ ची कानबाई. मोठ्या कॅमेऱ्याची पहिली. मी मधल्या खोलीत शिरलो, तेच जातं, तीच काकू, तोच अंधार. पन्नासची लेन्स, फ्लॅशची गरजच नाही. खिडकीच्या फटीतून येणारा पावसाळी उजेड कानबाईच्या नथीवर, काकूच्या मनगटावर. असे फोटो मी जन्मात काढले नव्हते. बायांनी कॅमेरा मागितला. हातोहात फिरला, खोलीभर. कुणी काही बोलेना. शेवटी मोठ्या मायकडे गेला. तिनं बघितला, परत बघितला.

"यंदा कानबाई उनीच नही का रे?"

मी म्हटलं, थांब, फ्लॅश लावतो. वरचा फ्लॅश उघडला, मारला. दोन-चार फोटो. एकही गोल नाही. या कॅमेऱ्यात फ्लॅश लेन्सपासून वर आणि लांब असतो, तोंडाशी तरंगणाऱ्या कणांवर उजेड नीट पडत नाही, आणि जे उजळतात ते इतके पसरतात की दिसतच नाहीत. ज्यासाठी मी तिपटीनं पैसे मोजायला तयार होतो, तेच हे.

"तो बारीक डबा कोठे शे?" मोठी माय.

मी चुलतबहिणीला कोपऱ्यात घेतलं. परातीवरचं फडकं आण म्हटलं. ती माझ्या उजव्या खांद्याशी उभी राहिली, मी कानबाईवर नेम धरला, तिनं लेन्सच्या पुढ्यात फडकं झटकलं, मी बटण दाबलं. अर्धा फोटो धुक्यासारखा पांढुरका झाला, पण मधे चार-पाच ठिपके आले. दोन तर बऱ्यापैकी गोल. मी तो फोटो मोठा करून, धुकं कडेला ठेवून, मोठ्या मायपुढे धरला.

तिनं चष्मा लावला. पडद्यावर बोट ठेवलं. मग माझ्या खांद्याकडे, शर्टावर पडलेल्या पांढऱ्या धुळीकडे बघितलं आणि कॅमेरा माझ्या हातात परत दिला.

"हाई ते पीठ शे," ती म्हणाली, आणि मूठभर गहू जात्यात टाकले.